घरात संगणक एकच, मग लिनक्स शिकायचे कुठे?

मुलुंडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांचा मुलगा बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. कॉलेजात लिनक्स सुरू झाले आहे; पण प्रयोगशाळेत आठवड्यातून एकदाच पाळी येते आणि तीही दोघांत मिळून एका संगणकावर. मुलगा म्हणतो, घरच्या संगणकावर लिनक्स टाकू या. वडील म्हणतात, त्या संगणकाला हात लावायचा नाही. घरात यावरून दोन आठवडे बोलाचाली चालली आहे. आईने आम्हांस विचारले आहे की, बरोबर कोणाचे?

आमचे स्पष्ट मत असे की, दोघांचेही बरोबर आहे. त्या संगणकात काय काय आहे, हे भगिनींनी पत्रात लिहिले आहे. मुलीची जात पडताळणी आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे स्कॅन करून ठेवली आहेत. वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीचे कागद आहेत. महिला बचत गटाचा चार वर्षांचा हिशोब आहे. हे सारे पुसले गेले तर किती कचेऱ्यांचे उंबरठे पुन्हा झिजवावे लागतील, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून वडिलांची भीती खरी आहे. पण मुलाची गरजही तितकीच खरी आहे. पोहणे जसे पुस्तक वाचून येत नाही, तसे लिनक्सही वही भरून येत नाही. त्यासाठी हात चालवावा लागतो, चुकावे लागते, मोडावे लागते.

या दोन्ही गोष्टी सांभाळण्याचा एक मार्ग आहे आणि त्याला एक पैसाही पडत नाही. घरच्या संगणकाच्या आतच दुसरा, सॉफ्टवेअरचा संगणक उभा करायचा. यास व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी संगणक म्हणतात. आजच्या लेखात आम्ही त्याचीच माहिती देत आहोत.

लिनक्स कशासाठी?

संगणक सुरू केल्यावर त्याचा सारा कारभार पाहणारी जी प्रणाली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक घरांत विंडोज असते. लिनक्स ही तशीच दुसरी प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. संगणकाचा कार्यक्रम कोणत्याही कामासाठी वापरण्याचा, तो आतून कसा चालतो हे पाहण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि तो दुसऱ्यास देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. लिनक्सचा गाभा आणि ग्नूची अवजारे एकत्र आली आणि पुढे उबुंटू, डेबियन, मिंट, फेडोरा अशी तिची अनेक रूपे तयार झाली.

घरात लिनक्स नाही, असे अनेकांस वाटते. पण खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तीतील सर्वच्या सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. बँका, रेल्वे, दुकाने यांचे व्यवहार ज्या सर्व्हरवर चालतात, त्यांतही लिनक्सचा वाटा फार मोठा. म्हणून अंधेरी-पवईच्या संगणक कंपन्यांत सर्व्हर सांभाळण्याच्या कामास माणूस घेताना लिनक्स येते का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. आपल्या मुलामुलींना हे ज्ञान हवे ते यासाठी.

पोटभाडेकरूची व्यवस्था

एका संगणकावर दोन प्रणाली ठेवण्याचे मार्ग अनेक आहेत. हार्ड डिस्कचे दोन भाग पाडून एकात विंडोज व दुसऱ्यात लिनक्स ठेवता येते. खोलीत कायमचे पार्टिशन घालण्यासारखेच हे काम. पार्टिशन घालताना भिंत चुकीच्या जागी पडली, तर सामानाचे नुकसान होते. नवशिक्याने एकुलत्या एक संगणकावर हा प्रयोग करू नये.

आभासी संगणकाची रीत निराळी आहे. येथे भिंत हलवायची नाही. घर विंडोजचेच राहते, लिनक्स पोटभाडेकरू म्हणून राहते. त्याला थोडी जागा, थोडी रॅम, थोडे प्रोसेसरचे बळ दिलेले असते. गंमत अशी की, आपण पोटभाडेकरू आहोत हे त्याला सहसा जाणवत नाही. आपल्यापुढे एक पूर्ण संगणक आहे, अशाच समजुतीने ते चालते. त्याची हार्ड डिस्क म्हणजे प्रत्यक्षात विंडोजमधील एक मोठी फाइल असते. ती फाइल पुसली की पोटभाडेकरू गेला. मूळ घराची वीटही हलत नाही. संगणकवाल्यांच्या भाषेत घरच्या प्रणालीला होस्ट म्हणजे यजमान आणि आतल्या प्रणालीला गेस्ट म्हणजे पाहुणा म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर यंत्र असे आणि त्याची किंमत अफाट. एकेका माणसाला एकेक यंत्र देणे शक्यच नव्हते. तेव्हा आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्राने एकाच यंत्राचे अनेक आभासी संगणक करण्याची युक्ती काढली. १९७२ साली तिने ही सोय व्हीएम-३७० या नावाने बाजारात आणली. म्हणजे मुळात ही युक्ती जन्मली ती यंत्र एक आणि वापरणारे अनेक या अडचणीतून. आपल्या घरातली अडचण दुसरी कोणती आहे? १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने पुढच्याच वर्षी ही सोय साध्या टेबलावरच्या संगणकावर आणली. २००७ साली व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आले. ते आज ओरॅकल कंपनीकडे आहे आणि त्याचा मूळ भाग अजूनही विनामूल्य व मुक्त आहे. आम्ही पुढे त्याचीच कृती देत आहोत.

आधी घर तपासा

कृतीस हात घालण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, कागदपत्रांची प्रत. आभासी संगणकाने घरच्या फाइलींना धोका नसतो. पण हार्ड डिस्क कोणत्याही दिवशी आपोआप बंद पडू शकते. तेव्हा या निमित्ताने महत्त्वाची कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवावीत. जी प्रमाणपत्रे सरकारच्या डिजिलॉकरमध्ये मिळतात, ती तेथेही घ्यावीत. वडिलांची निम्मी काळजी येथेच मिटेल.

दुसरी, रॅम. संगणकात ८ जीबी रॅम असल्यास उत्तम. त्यातील ४ जीबी पाहुण्याला देता येते. ४ जीबीच असेल तर चित्रमय पडद्याची उबुंटू चालवण्याचा हट्ट धरू नये. यजमान आणि पाहुणा दोघेही उपाशी राहतील. अशा संगणकावर डेबियन घ्यावी आणि ती टाकताना डेस्कटॉपचा पर्याय सोडून द्यावा. मग पडद्यावर केवळ काळी पाटी आणि अक्षरे दिसतात. पण तिला १ जीबी रॅम पुरते आणि आज्ञा शिकण्यासाठी तेवढे भरपूर आहे. सर्व्हरवर काम करणाऱ्यांसमोर बहुधा अशीच काळी पाटी असते.

तिसरी, जागा. हार्ड डिस्कवर निदान ४० जीबी मोकळी असावी.

चौथी, प्रोसेसरची सोय. इंटेल कंपनीने २००५ पासून व एएमडीने २००६ पासून आपल्या प्रोसेसरमध्ये आभासी संगणकासाठी खास सोय देण्यास सुरुवात केली. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेल्यास व्हर्च्युअलायझेशन या शब्दापुढे एनेबल्ड किंवा डिसेबल्ड असे लिहिलेले दिसते. डिसेबल्ड असेल तर संगणक सुरू होतानाच एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकी जी कळ त्या कंपनीने ठरवली असेल ती दाबून बायोसमध्ये जावे आणि ती सोय चालू करावी. येथे एक सावधगिरी हवी. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असते. बायोसमध्ये बदल केल्यावर संगणक कधीकधी ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते. ती आधी वहीत उतरवून घ्यावी, मगच बायोसला हात लावावा.

सामान कोठून आणावे?

दोन वस्तू लागतात. एक म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स आणि दुसरी म्हणजे लिनक्सची आयएसओ फाइल. दोन्ही मूळ संकेतस्थळांवरूनच उतरवून घ्याव्यात. भलत्याच ठिकाणाहून घेतलेल्या फाइलीत काय लपले असेल, याचा नेम नाही. व्हर्च्युअलबॉक्सबरोबर एक्स्टेन्शन पॅक नावाची पुरवणी दिसते. तिचा परवाना वेगळा आहे आणि आपल्या कामास तिची गरज नाही. ती घेऊ नये.

उबुंटू घ्यायची असल्यास एलटीएस असे लिहिलेली आवृत्ती घ्यावी. या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. ही फाइल सहा जीबीच्या आसपास भरते. मोबाईलच्या डेटावर एवढी मोठी फाइल उतरवणे प्रत्येकाला परवडत नाही. पण लिनक्सचा परवाना वाटण्याची मोकळीक देतो. म्हणून वस्तीतील एकाने किंवा विहाराच्या अभ्यासिकेने ती एकदा उतरवावी आणि पेन ड्राइव्हने दहा जणांना द्यावी. ही चोरी नव्हे. दुसऱ्यास प्रत देणे हा येथे हक्क आहे.

यातही एक बारीक अडचण येते. पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीचे असतात आणि त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप येतो आणि माणूस चक्रावतो. पेन ड्राइव्हवरील सामान आधी दुसरीकडे काढून तो एक्सफॅट मांडणीत फॉरमॅट करावा, म्हणजे काम होते.

मांडणी

व्हर्च्युअलबॉक्स नेहमीच्या सॉफ्टवेअरप्रमाणे टाकावे. ते टाकताना इंटरनेट क्षणभर तुटेल असा इशारा येतो. त्यास भिऊ नये. नंतर ते उघडून न्यू हे बटण दाबावे आणि पुढील क्रमाने जावे.

एक : नाव द्यावे आणि आयएसओ फाइल दाखवावी. अनअटेंडेड इन्स्टॉलेशन, म्हणजे सारे आपोआप करण्याचा पर्याय दिसल्यास तो नाकारावा. शिकायचे आहे, तेव्हा प्रत्येक पायरी आपल्या हाताने चढावी.

दोन : रॅम द्यावी. एकूण रॅमच्या निम्म्याहून अधिक देऊ नये. पडद्यावर हिरवा व तांबडा पट्टा दिसतो. हिरव्याच्या आत राहावे.

तीन : प्रोसेसरचे दोन भाग द्यावेत.

चार : आभासी हार्ड डिस्क तयार करावी. २५ जीबी पुरेत. ही जागा एकदम अडत नाही. पाहुणा जसजसे सामान आणतो तसतशी फाइल वाढत जाते. मात्र सामान काढल्यावर ती आपोआप आकसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर स्टार्ट दाबले की, खिडकीत दुसरा संगणक सुरू होतो. माउस आत अडकल्यासारखा वाटला तर उजवीकडील कंट्रोल कळ दाबावी. तो बाहेर येतो. भाषा, कळफलक, वेळेसाठी कोलकाता असे निवडत पुढे जावे.

ज्या वाक्याने छातीत धस्स होते

पुढे एका पायरीवर पडद्यावर वाक्य येते की, डिस्क पूर्ण पुसून लिनक्स टाकू का? पाठीमागे वडील उभे असतील तर येथेच संगणकाचा प्लग उपटला जाईल. म्हणून हे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे.

विचारणारा कोण? पाहुणा. त्याला दिसते कोणती डिस्क? आपण दिलेली २५ जीबीची फाइल. घरची खरी डिस्क त्याला दिसतच नाही, मग ती तो पुसणार कशी? तरीही खात्री करण्याची रीत आहे. तेथे डिस्कचे नाव व आकार लिहिलेला असतो. नावात व्हीबॉक्स हार्डडिस्क आणि आकार सुमारे २५ जीबी असे दिसले, आणि सारे विंडोजच्या पडद्यावरील एका खिडकीच्या आत चालले असले, तर निर्धास्तपणे होकार द्यावा. आकार ५०० जीबी किंवा १ टीबी असा, घरच्या डिस्कएवढा दिसला, तर आपण आभासी संगणकात नाही असे समजून तेथेच थांबावे. आमची सूचना अशी की, मुलाने ही पायरी वडिलांना शेजारी बसवून करावी आणि आकडा त्यांनाच वाचू द्यावा.

पुढे वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड विचारला जातो. तो वहीत लिहून ठेवावा. शेवटी संगणक पुन्हा सुरू करण्याआधी आयएसओ काढून एंटर दाबा असा निरोप येतो. व्हर्च्युअलबॉक्स बहुधा ती स्वतःच काढतो. पुन्हा सुरू झाल्यावर लिनक्स आपल्यासमोर उभी असते. पडदा लहान वाटल्यास गेस्ट ॲडिशन्स नावाची जोड टाकावी. म्हणजे खिडकी मोठी केली की पडदाही मोठा होतो.

मोडा आणि पुन्हा उभे करा

आता या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाची गोष्ट सांगतो. ती म्हणजे स्नॅपशॉट. पाहुणा ज्या स्थितीत आहे, ती स्थिती एका बटणाने नोंदवून ठेवता येते. लिनक्स नीट चालू झाली की लगेच पहिला स्नॅपशॉट घ्यावा आणि त्याला 'कोरी पाटी' असे नाव द्यावे. मग वाटेल तो प्रयोग करावा. प्रणालीच्या फाइली बदला, वापरकर्ते पुसा, नेटवर्क तोडा. लिनक्स सुरू होईनाशी झाली, तर स्नॅपशॉट परत आणावा. काही वेळातच कोरी पाटी पुन्हा हातात.

आपल्या घरांतील मुले संगणकावर बिचकत का शिकतात, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. हुशारीत ती कोठेच कमी नाहीत. पण वस्तू एकच आहे, ती हप्त्यावर घेतलेली आहे, ती बिघडली तर दुसरी येणार नाही, हे त्यांना ठाऊक असते. ज्याच्या घरी तीन संगणक आहेत, तो मुलगा एक मोडून शिकतो. एकच असलेला हात आखडता घेतो आणि मुलाखतीत मागे पडतो. स्नॅपशॉटने ही दरी थोडी तरी बुजते. ज्याला मोडण्याची मुभा मिळाली, त्याची भीती जाते. आणि भीती गेली की शिक्षण वेगाने होते.

दोन इशारे मात्र द्यायलाच हवेत. स्नॅपशॉट ही कागदपत्रांची सुरक्षित प्रत नव्हे. तो त्याच हार्ड डिस्कवर राहतो आणि डिस्कबरोबरच जातो. दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा. यजमान व पाहुणा यांच्यात फाइली देण्याघेण्यासाठी शेअर्ड फोल्डरची सोय आहे. हे घराच्या मधले दार समजावे. वडिलांच्या कागदपत्रांचा फोल्डर असा जोडला आणि लिनक्समध्ये पुसण्याची आज्ञा दिली, तर खऱ्या फाइली जातील आणि स्नॅपशॉट त्या परत आणणार नाही. या आज्ञेला केराची टोपली नसते. म्हणून देवाणघेवाणीसाठी एक नवा, रिकामा फोल्डर करावा आणि तेवढाच जोडावा.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात टर्मिनल उघडून चार आज्ञा घोटाव्यात. 'पी-डब्ल्यू-डी' ही आपण कोठे आहोत ते सांगते. 'एल-एस' तेथे काय आहे ते दाखवते. 'सी-डी' दुसरीकडे नेते. 'मॅन' कोणत्याही आज्ञेची माहितीपुस्तिका उघडते. ही सारी अक्षरे इंग्रजीत व लहान लिपीतच लिहावीत. मोठे व लहान अक्षर लिनक्सला वेगळे वाटते. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना पडद्यावर पुष्कळदा ठिपकासुद्धा उमटत नाही. कळफलक बिघडला असे समजू नये.

दुसऱ्या आठवड्यात फाइलींचे हक्क शिकावेत, म्हणजे कोणी वाचायचे, कोणी लिहायचे, कोणी चालवायचे. तिसऱ्या आठवड्यात सॉफ्टवेअर टाकणे, काढणे, अद्ययावत करणे. चौथ्या आठवड्यात एक छोटा वेब सर्व्हर आत चालवून पाहावा आणि मग मुद्दाम मोडून दुरुस्त करावा. रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा प्रत्यक्ष संगणकावर काम करून द्यावी लागते. पाठांतर तेथे उपयोगी पडत नाही. घरच्या आभासी संगणकावर केलेला हा सराव नेमका त्याच जातीचा आहे.

आणखी एक गोष्ट मुलांनी समजून घ्यावी. हल्ली कंपन्या सर्व्हर विकत घेण्याऐवजी क्लाउडवर भाड्याने घेतात. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत त्यासाठी आपले केंद्र सुरू केले. चांदिवलीत, ऐरोलीत अशी मोठी डेटा सेंटर आहेत. तेथून भाड्याने मिळणारा सर्व्हर म्हणजे बहुधा आभासी संगणकच असतो. घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलगी जे शिकते आणि त्या वातानुकूलित इमारतीत जे चालते, त्यामागचे तत्त्व एकच आहे.

आपल्या शेजारचे विद्यापीठ

क्लास लावल्याशिवाय हे येणार नाही, अशी अनेक पालकांची समजूत असते. फी भरण्यापूर्वी एक पर्याय पाहावा. पवईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प चालवला आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे, एका बाजूला पाहायचे आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करायचे, अशी त्याची रीत. लिनक्सचे धडे त्यात आहेत आणि अनेक धड्यांचे निवेदन मराठीतही आहे. ते विनामूल्य आहेत.

जुहूला १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक डॉ. एस. रमाणी. लिनक्सच्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे नीट उमटावीत म्हणून या केंद्राने इंडिक्स हा प्रकल्प केला. हे केंद्र पुढे सीडॅकमध्ये विलीन झाले. त्याच सीडॅकने २००७ साली डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय लिनक्स दिली. तीत मराठीची सोय आहे. डेबियन टाकतानाचे प्रश्नसुद्धा मराठीत विचारून घेता येतात. सारे मेनू अजून मराठीत झालेले नाहीत, हे खरे; पण ज्याला करावेसे वाटेल त्याला ते काम करण्याची मोकळीक आहे. आपल्या एखाद्या मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलीने ते मनावर घ्यावे, असे आम्हांस वाटते.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

*आभासी संगणक फार हळू चालतो, काय करावे?*
खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसते का पाहावे. ते दिसल्यास विंडोजची स्वतःची हायपर-व्ही ही सोय मध्ये आली आहे, असे समजावे. ती बंद केल्यास वेग वाढतो. मात्र तिच्यावर विंडोजच्या काही सुरक्षासोयी अवलंबून असतात, म्हणून जाणकाराला विचारूनच बंद करावी. कासव नसेल तर रॅम कमी पडत आहे. विंडोजमधील ब्राउझर बंद करून पाहावा.

*पाहुण्यात इंटरनेट वेगळे घ्यावे लागते का?*
नाही. नॅट नावाच्या सोयीने घरचेच इंटरनेट आत जाते. ती सोय आपोआप चालू असते. तीत बदल करू नये.

*विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय आहे म्हणतात, ती कशी?*
डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीत आतून आभासी संगणकच चालतो. आज्ञा शिकण्यास ती चांगली. पण प्रणाली टाकणे, डिस्क विभागणे, मोडून पुन्हा उभे करणे हे सारे शिकायचे तर पूर्ण आभासी संगणक बरा.

*आमचा जुना संगणक विंडोज ११ घेत नाही. तो टाकून द्यावा का?*
मुळीच नाही. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, म्हणून चालता संगणक भंगारात घालण्याचे कारण नाही. आधी दुसऱ्या संगणकावर आभासी संगणकात लिनक्सचा महिनाभर सराव करावा. लागणारी कामे, म्हणजे पत्रे, हिशोब, ब्राउझर, छपाई, तीत होतात याची खात्री करावी. मग जुन्या संगणकातील कागदपत्रे बाहेर काढून त्यावर हलकी लिनक्स थेट टाकावी. पण तेथे 'डिस्क पुसू का' हा प्रश्न खऱ्या डिस्कबद्दल असेल, हे विसरू नये.

पालकांना विनंती

मुलुंडच्या भगिनींना आमचे सांगणे असे. येत्या रविवारी सकाळी घरातील चौघांनी संगणकासमोर बसावे. वडिलांनी कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. मुलाने वरील कृती करावी. मुलीनेही शेजारी बसून शिकावे; पाहुणे दोन ठेवता येतात, फक्त दोघांना एकदम सुरू करू नये. आणि संगणकाची वेळ दोघांत वाटून कागदावर लिहून भिंतीवर लावावी, म्हणजे रोजची भांडणे होणार नाहीत. बचत गटाच्या हिशोबाला ठरलेली वेळ मिळालीच पाहिजे, हेही त्यात लिहावे.

ज्यांच्या घरी संगणक नाही अशांसाठी अभ्यासिकेच्या एका संगणकावर प्रत्येकाचा वेगळा आभासी संगणक ठेवता येतो. एकाने केलेली मोडतोड दुसऱ्याच्या पाहुण्याला लागत नाही. अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी याचा विचार करावा. त्यासाठी १६ जीबी रॅमचा एक संगणक आणि मोठी हार्ड डिस्क असल्यास काम सोयीचे होईल.

ज्या वाचकांना ही कृती करताना जेथे अडेल, त्यांनी पडद्यावरचा निरोप जसाच्या तसा उतरवून आम्हांस कळवावा. 'चालत नाही' एवढेच लिहिल्यास उत्तर देणे अवघड जाते. पुढील लेखात फाइलींच्या हक्कांविषयी लिहू.